शेवटचं पान सोडून

ज्या वर्षी नातीचे पुढचे दोन्ही दात एकाच आठवड्यात पडले, त्याच वर्षी मीटरवाले नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांच्या घरात चालायला जागा उरली नाही.

मीटरवाले म्हणजे घरोघर फिरून विजेच्या मीटरचा आकडा टिपणारे. जन्मभर लोकांच्या जिन्याखाली मान वाकडी करून उभे राहिले. घरी परतताना मात्र हात कधी रिकामा नसे. फुटपाथवरची पुस्तकं, रद्दीच्या दुकानातली पुस्तकं, वाचनालयाने विकायला काढलेली पुस्तकं, बंद पडलेल्या शाळेची पुस्तकं, कुणी वारलं की त्याच्या मुलांनी जिन्यात काढून ठेवलेली पुस्तकं. "निवृत्त झालो की वाचीन," असं ते म्हणायचे, आणि ते इतकं शांतपणे म्हणायचे की समोरच्याला पुढं काही बोलताच येत नसे.

त्यांची बायको शिवणकाम करायची. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, पडदे शिवणं. अख्खी गल्ली तिला मावशी म्हणायची. आधी आतली खोली पुस्तकांनी भरली, तेव्हा मावशीने पलंग बाहेर काढला. मग पलंगाखालची जागा भरली, तेव्हा तिने खोकी माळ्यावर टाकली. माळा भरला, तेव्हा मात्र तिने कपाळाला हात लावला आणि शिलाई मशीन दाराजवळच्या बोळात नेऊन ठेवलं. बोळात उजेड नव्हता. सुईत दोरा ओवायला ती जिन्यात जाऊन उभी राहायची.

एवढ्या पसाऱ्याचा हिशोब राहावा म्हणून मीटरवाल्यांनी एक पद्धत काढली होती. वाचलेल्या पुस्तकाची पाठ खोलीकडे, म्हणजे नाव दिसेल. न वाचलेल्याची पाठ भिंतीकडे. एक नजर टाकली की काय वाचलं, काय राहिलं, ते कळावं. पद्धत चांगली होती, पण जवळजवळ सगळ्यांचीच पाठ भिंतीकडे गेली. खोलीत शिरलं की चारी बाजूंनी नुसत्या पिवळ्या पानांच्या कडा दिसायच्या. कुठलं पुस्तक कुठलं ते देवालाही कळलं नसतं. त्यामुळे जे घरात आहे तेच ते पुन्हा विकत आणायचे. मधमाश्या कशा पाळाव्यात यावरचं एक जाडजूड पुस्तक असं तीनदा घरात आलं. घरात मधमाशी सोडा, फुलाची एक कुंडीही नव्हती.

अशात अक्काची चिठ्ठी आली. अक्का म्हणजे मावशीची थोरली बहीण. इस्पितळात हेड नर्स होती, लग्न केलं नव्हतं, आवाज अजून वॉर्डातलाच होता. ती राहायची ती इमारत पाडणार होते. गुडघे गेले होते, नवीन जागा शोधत फिरणं तिच्याच्याने होणार नव्हतं.

"अक्काला आतली खोली द्यायची," मावशी म्हणाली.

"द्यायची म्हणजे काय, दिलीच!" मीटरवाले म्हणाले. "अक्का काय परकी आहे?"

"आणि पुस्तकं?"

"पुस्तकं तरी काय परकी आहेत?"

मावशीने कात्री खाली ठेवली. कात्री खाली ठेवली की प्रकरण गंभीर, हे मीटरवाल्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. शेवटी लेकीला बोलावलं. लेकीसमोर मीटरवाल्यांना मोठेपणाची उबळ आली आणि त्यांनी आपणहून नियम केला. वाचून झालेलं पुस्तक घरात ठेवायचं नाही, वाचनालयाला देऊन टाकायचं. न वाचलेलं तेवढं राहील. "आणि आता मला दुसरं काम काय आहे? वाचत सुटतो. अक्का येईपर्यंत खोली रिकामी."

लेकीचे डोळे भरून आले. मावशीचे आले नाहीत.

ज्यांची पाठ खोलीकडे होती ती मूठभर पुस्तकं दुसऱ्याच दिवशी वाचनालयात गेली. मग मीटरवाले खुर्ची टाकून बसले ते बसलेच. आणि खोटं कशाला बोला, माणूस खरंच वाचत होता. चहा निवायचा, दाढी वाढायची, दारावरची घंटा ऐकू यायची नाही. खूण ठेवायला त्यांनी मावशीकडून कापडाच्या चिंध्या मागून घेतल्या. लेकीने त्यांच्या फोनमध्ये काहीतरी घालून दिलं. त्यात प्रत्येक पुस्तक शंभरातलं किती वाचून झालं ते दिसायचं. आकडे टिपणाऱ्या माणसाला हे म्हणजे माहेर मिळाल्यासारखं झालं.

"सत्त्याण्णव," ते सांगायचे. "अठ्ठ्याण्णव. हे तर नव्व्याण्णव."

"नव्व्याण्णवच्या पुढं काय असतं हो?" मावशी विचारायची.

"शंभर."

"मग ते कधी उजाडायचं?"

"घाई करून चालत नाही गं. मुरू द्यावं लागतं."

महिने गेले. पुस्तकं मुरत राहिली. खोलीतून एक पुस्तक बाहेर गेलं नाही. उलट दिलेल्यांतली तीन परत आली. वाचनालयाने नको असलेली पुस्तकं दाराशी विकायला मांडली होती. मीटरवाल्यांना ती ओळखीची वाटली. ओळखीची वाटणारच, आत त्यांचीच सही होती. "इतक्या दिवसांनी बघतोय, आता काही आठवत नाही, म्हणजे न वाचल्यातच जमा," असं म्हणून ते त्यांना घरी घेऊन आले.

आणि मग अक्का आली. इमारतीचं पाणीच तोडलं म्हणून सांगितलेल्या दिवसाच्या आधीच आली. हमालाने तिची ट्रंक बोळात ठेवली, कारण ट्रंक पुढं जाईना. पलंगावर दोघं नवराबायको, खोलीत पुस्तकं, म्हणून अक्काचं अंथरूण बोळात पडलं. एका बाजूला शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला चपलांचं कपाट. तिने पाय लांब केले की दार उघडत नसे. कुणी आलं की तिला दुखरे गुडघे पोटाशी घ्यावे लागत. ती ओठ आवळून घ्यायची आणि मग मोठ्याने म्हणायची, "या, या, माझ्या महालात या!"

मावशीला ते ऐकवत नसे. लहानपणी आई गेल्यावर याच बहिणीने तिची वेणी घातली होती. आपल्या घरात तिला एक खोली देता येऊ नये, या विचाराने शिवताना तिचे टाके चुकायला लागले.

एके दुपारी मावशी एका कोटाची कॉलर इस्त्री करून दाबून ठेवायला जड वस्तू शोधत होती. तिने हाताला लागलं ते पुस्तक ओढलं. त्यातून निळी चिंधी बाहेर आली होती. गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरीणबाईंच्या पडद्याची. मावशीने सहज उघडलं. चिंधी शेवटच्या पानाच्या आधी होती. तिने दुसरं काढलं. त्यातही लाल चिंधी शेवटच्या पानाच्या आधी. तिसरं, चौथं, मग भिंतीकडे पाठ करून बसलेल्यांतली हाताला येतील तेवढी. जिथं चिंधी होती, तिथं एकच पान उरलं होतं.

तिला आधी हसू आलं. मग अक्काच्या गुडघ्यांची आठवण झाली आणि हसू जळून गेलं.

"अहो," ती खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही सगळी वाचलीत की!"

मीटरवाले दचकले. "छे! एकही पुरं झालेलं नाही. फोन दाखवू का?"

"फोन घाला चुलीत! एकेक पान ठेवलंय शिल्लक. पोरगं ताटात एक घास ठेवतं ना, उठावं लागू नये म्हणून, तसं!"

"अगं, संपलं की जाणार ना ते! नियमच आहे तसा."

"नियम केला कुणी?"

"ती चूक झाली," मीटरवाले म्हणाले.

बोळातून अक्काचा आवाज आला. "धाकटे, ते निळ्या चिंधीचं इकडे आण बघू."

मावशीने नेऊन दिलं. अक्काने चष्मा चढवला, शेवटचं पान उघडलं आणि शेवटच्या खाटेवरच्या रोग्याला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. "खून वकिलाने केलेलाच नव्हता—"

"अक्का!" मीटरवाले ओरडले. त्यांनी दोन्ही कान दाबले.

"—त्याच्या सावत्र बहिणीने केला. घ्या. झालं शंभर. पुढचं आण गं."

पुढच्यात नायिका परदेशी निघून गेली. त्याच्या पुढच्यात म्हातारा राजा बरा झाला. मीटरवाले न्हाणीघरात शिरले आणि त्यांनी नळ मोठा सोडला. अक्काने आवाज नळाच्या वर नेला. शेजारची दारं उघडली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "आणि त्या सावत्र बहिणीला पकडलं का हो?"

"लिहिलेलं नाही!" अक्काने सांगितलं.

शेवटी मधमाश्यांचं पुस्तक आलं. अक्काने पान उलटून पाहिलं. तिथं नुसती शब्दांची सूची होती. पण एकदा पकडलेला सूर ती सोडणार थोडीच. "मीटरराव, राणीमाशी गेली हो!"

नळ बंद झाला. मीटरवाले ओल्या बाह्यांनी बाहेर आले आणि बोळाच्या तोंडाशी भिंतीला टेकून उभे राहिले.

"तुम्हाला हसू येतंय," ते म्हणाले. "मी एवढी वर्षं या गावातल्या प्रत्येक दाराशी गेलो. मीटर बघायचा, आकडा टिपायचा, निघायचं. आतून गाण्याचा आवाज यायचा, भांडणाचा यायचा. आत या, बसा, असं कुणी म्हटलं नाही. पुस्तकात शिरलं की मी आत असतो. शेवटचं पान वाचलं की झालं, पुन्हा जिन्याखाली."

मावशीला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. तेवढ्यात दारावर टकटक झाली. अक्काने ओठ आवळून गुडघे पोटाशी घेतले. पेपरवाल्याचं बिल होतं. मावशीने ते घेतलं, दार लावलं. अक्काने पाय सावकाश पुन्हा लांब केले.

"खरं आहे, मीटरराव," ती म्हणाली. "दाराशी फार वाईट वाटतं."

मीटरवाल्यांनी एकदा तिच्या ट्रंकेकडे पाहिलं, एकदा त्या गुडघ्यांकडे. मग चपला घातल्या आणि हातगाडीवाल्याला बोलवायला गेले.

पहिली हातगाडी वाचनालयाशी उभी राहिली तेव्हा ग्रंथपाल धावतच बाहेर आले आणि दोन्ही हात आडवे करून दारात उभे राहिले.

"नको, साहेब! पाया पडतो. यातली निम्मी आम्हीच तुम्हाला विकलीत. तुम्ही होता म्हणून आमचं दार मोकळं झालं!"

"लोक वाचतील की."

"लोक?" ग्रंथपालांनी मान हलवली. "लोक वाचतात असं आम्हाला तुमच्याकडे बघून वाटत होतं."

हातगाडी परत आली. पुस्तकं जिन्यात उतरवली तेव्हा मावशी पायरीवर बसून रडायलाच लागली. आता कुठं टाकायची ही? कुणी घेत नाही, घरात माणूस मावत नाही. अक्का कठड्याला धरून उभी होती. तिने पुस्तकांचे गठ्ठे पाहिले, हाताने वीत लावून उंची मोजली.

"आतल्या खोलीत पलंग नाही ना?" तिने विचारलं.

"पलंग बाहेर आला, तेव्हापासून नाही," मावशी डोळे पुसत म्हणाली.

"मग रडतेस काय? भिंतीपासून काढा सगळी. मधोमध आडवी रचा, विटा रचतात तशी. वर गादी. मला तसंही उंच हवंय. खाली बसलं की उठता येत नाही."

आणि मावशीने पाहिलं, भिंतींना टेकून उभी होती तेव्हा ज्या पुस्तकांनी खोली खाल्ली होती, ती आडवी रचल्यावर एका माणसापुरत्या जागेत बसली. खिडकी मोकळी झाली. मशीन खिडकीशी आलं. मावशीने चारी बाजूंनी खालपर्यंत लोंबणारी चादर शिवली. मात्र पायाशी एक कोपरा खाली राहिला. तीन कोपऱ्यांना ती तीन जाडजूड मधमाश्यांची पुस्तकं बरोब्बर बसली होती, चौथ्याला तेवढ्या जाडीचं काही मिळेना. अक्काने कूस बदलली की पलंग डुगडुगायचा.

"मीटरराव," अक्का म्हणाली, "जा, चौथं घेऊन या."

मीटरवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. मावशीने हसू दाबत मान डोलावली. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा ते घरच्यांच्या परवानगीने पुस्तक आणायला निघाले, आणि आनंदात दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गेले.

अक्काने त्यांचा जुना नियम मोडीत काढला आणि स्वतःचा केला. या पलंगाची उंची एक बोटही कमी होता कामा नये. वरच्या थरातलं पुस्तक काढायचं, वाचायचं आणि जिथलं तिथं ठेवायचं. आता पुस्तक संपलं तरी जाणार नव्हतं. मीटरवाले रोज दुपारी खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसायचे आणि मोठ्याने वाचायचे, शेवटच्या पानापर्यंत. अक्का मधेच म्हणायची, "हा डॉक्टर गाढव आहे, असा ताप असा उतरत नाही." मावशी खिडकीशी बसून मशीन थांबवायची आणि म्हणायची, "हं, मग पुढं?" फोनमध्ये जेव्हा पहिल्यांदा शंभर दिसलं, तेव्हा लेकीने घाबरून विचारलं, "बाबांची तब्येत ठीक आहे ना?"

चौथं मधमाश्यांचं पुस्तक मिळायला फार दिवस लागले. मिळालं तेव्हा त्याला वाळवी लागून ते जरा बारीक झालं होतं, म्हणून मावशीने वर पडद्याच्या चिंध्यांची घडी घातली. पलंग डुगडुगायचा थांबला.

त्या पलंगावर अक्का बरीच वर्षं झोपली. नात कॉलेजात जायला लागली त्या वर्षी, थंडी सरत असताना, एका सकाळी चहाच्या आधी अक्का वारली.