कणगीचा राखणदार

थोरली टोकदार काठी घेऊन पेरणीला गेली, तर तिच्या पट्ट्याला काट्यांचं कुंपण घातलेलं. आत धाकट्या भावाची पोरं ढेकळं फोडत होती. तिचा नवरा मागच्या सुगीत पीक राखताना डुकराच्या सुळ्यानं गेला होता. खोपटात ती आणि लग्नाजोगी लेक, एवढ्याच उरल्या होत्या. तिला वाटलं, भाच्यांना आत्याची माया आली. ती कौतुकानं आत शिरायला गेली, तसा मोठा भाचा मान न उचलता म्हणाला, "आत्या, आत येऊ नको. बाबानं सांगितलंय."

तसं पाहिलं तर आधी ही जमीन कुणाचीच नव्हती. सगळी माणसं तेव्हा शिकारीमागं, कंदमुळांमागं भटकायची. आईचा पाय मोडला त्या साली टोळीनं म्हातारीला नदीकाठी टाकून पुढं जायचं ठरवलं. थोरलीचा पाय निघेना. ती आईपाशी राहिली. वेचून आणलेले रानजव खोपटामागं सांडले होते, ते पावसानंतर तरारून आले. मग तिनं मुद्दाम सांडले. टोळी परतली तेव्हा धाकट्याचं पोट पाठीला लागलेलं. बहिणीनं पहिली ओंजळ त्याच्याच हातात ओतली.

माणसं थांबली. खोपटी वाढली, शेरडं दारात आली, बायकांच्या कडेवर एक आणि पोटात एक. जो तो आपापला पट्टा पेरायचा, पण सगळ्यांचं धान्य एकाच मोठ्या कणगीत पडायचं. तिला राखणदार हवा, तेव्हा भावाचं नाव थोरलीनंच पुढं केलं. आधी त्यानं उंदरांवर काठी उगारली, मग माणसांवर. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते असं.

ती तडक कणगीपाशी गेली. धाकटा सावलीत बसून काठीला टोक काढत होता.

"पट्टा माझा आहे," ती म्हणाली.

"दाजींचा होता. ते गेले. आता राखणार कोण?"

"पेरला मी. आईचं गूमूत काढत पेरला."

"पेरतात सगळ्याच. राखतो तो धनी." मग आवाज मऊ करून तो म्हणाला, "उपाशी नाही ठेवणार गं तुला. दळण दळत जा, वाटा नेत जा."

ती दारोदार फिरली. कुणी तिला खोटं म्हटलं नाही, पण खरंही कुणी म्हणेना. मडकी घडवणारी तिची जिवाभावाची मैत्रीण. तिनं ओल्या मातीतून हातसुद्धा काढले नाहीत. माझी पोरं लहान आहेत, एवढंच पुटपुटली. ज्याच्या हाती ससा तो पारधी. सगळ्यांच्या चुली त्याच कणगीच्या जिवावर पेटत होत्या.

पेरणी उरकली. थोरली दळत राहिली. पाट्यापाशी दिवसभर गुडघे टेकून तिची कंबर धनुष्यासारखी वाकली. पाऊस सरला तेव्हा तिची मावशी आली. मावशीची टोळी अजून भटकीच होती. कातडी देऊन धान्य न्यायची. तिनं भाचीच्या गुडघ्यांवरचे घट्टे चाचपले आणि म्हणाली, लेकीला घेऊन चल, आमच्यात कुणी कुणाला मोजून वाढत नाही.

थोरलीनं गाठोडं बांधलं. लेकीला म्हणाली, "ऊठ, निघायचंय."

लेक जागची हलली नाही.

"तिकडं छप्पर कुठं असतं? मी नाही येत. मामानं माझं जमवलंय, कणगीजवळच्या घरात." थोडं थांबून ती म्हणाली, "कुंपणाचंही मला आधीच ठाऊक होतं, आई. तू रडशील म्हणून बोलले नाही."

थोरली रडली नाही. लेकीच्या केसातलं कुसळ तिनं काढलं, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि बाहेर पडली. लेक दारापर्यंत आली, उंबऱ्याबाहेर नाही.

कणगीपाशी धाकटा उभा होता. जाऊ नको, असं तोही म्हणाला नाही. दळायला दुसरी कोण, एवढंच त्यानं बायकोला विचारलं.

चढाला लागल्यावर मावशीनं विचारलं, "वाटेपुरतं धान्य घेतलंस का गं?"

"मागावं लागलं असतं," थोरली म्हणाली.

तिचे गुडघे चढावर कुरकुरत होते. मावशीनं आपली चाल हळू केली.