चार पावलांचा पॅसेज

घरं दाखवणाऱ्या ताईंनी कागद पार नाकाजवळ नेला आणि विचारलं, "अकरा? अगं, अकरा बँकांकडे कर्ज मागितलंस?"

"नुसती चौकशी केली हो," ती म्हणाली. मांडीवरची लेक, चिमणी, ताईंच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे झेपावत होती. "चार दुकानं फिरल्याशिवाय भाजीसुद्धा घेऊ नये, असं आई म्हणायची."

"भाजीवाला तुझी पत तपासत नाही, बाई. बँक तपासते. आणि प्रत्येकीने तपासली की तुझे सिबिलचे गुण थोडे थोडे घसरतात. त्यांना वाटतं, ही दारोदार पदर पसरतेय म्हणजे हिचं काहीतरी बिनसलंय."

गुण आधीच बेताचे होते. बाळंतपणात ती दीड महिना इस्पितळात, नवरा छापखाना आणि इस्पितळ यांच्यामध्ये येरझारा घालणारा; फ्रिजचे तीन हप्ते दोघांच्या डोक्यातून साफ निसटले. मागाहून दंडासकट भरले, पण डाग राहिलाच. कर्जाला सातशे गुण लागत. अकरा चौकशांपूर्वी तिचे सहाशे नव्वद होते. आता सहाशे अठ्ठावन्न. म्हणजे घर हवं म्हणून ती जितकी धावली, तितकं घर मागे सरकलं.

"आता सहा महिने कुणालाही काही विचारायचं नाही," ताई म्हणाल्या. "हप्ते वेळेवर आणि तोंडाला कुलूप. मास्तरांना मी थांबवून धरते."

मास्तर म्हणजे घरमालक. निवृत्त झालेले, मुलीकडे राहायला निघालेले. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, रंग उडालेलं. पण बाहेरचं दार उघडलं की थेट खोली लागत नसे. आधी चार पावलांचा एक पॅसेज होता, मग आतलं दार. पहिल्या दिवशी ती त्या पॅसेजमध्येच उभी राहिली होती.

"पुढे चल की," ताई म्हणाल्या होत्या, "घर अजून सुरू व्हायचंय."

तिच्यासाठी ते तिथेच सुरू झालं होतं. सध्याच्या भाड्याच्या खोलीचं दार उघडलं की समोर जिना. चौदा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. दाराला कडी लावली तरी येता-जाता कुणी ना कुणी ते उघडं टाकायचं, म्हणून उंबऱ्यावर एक फळी आडवी असायची. चिमणी रांगायला लागल्यापासून दाराकडे पाठ करून तिने साधं भांडं घासलं नव्हतं.

कुलूप तोंडाला लागलं, डोळ्यांना नाही. भाजी आणायला ती मास्तरांच्या गल्लीवरून वळसा घालून जाई. गॅलरीत मास्तरांची वेताची खुर्ची अजून दिसली की जीव भांड्यात पडे. एकदा तर तिने खोलीत दाराच्या आत खडूने दोन रेघा ओढल्या, चार पावलं लांब. चिमणी त्यांच्यामधून दुडुदुडु चालायला लागली.

नवरा कामावरून आला, फळी ओलांडून रेघांपाशी थबकला. "आत येऊ, की बेल वाजवू?"

"चपला इथेच काढा," ती म्हणाली, आणि दोघं हसली.

पाचव्या महिन्यात गुण सहाशे शहाण्णववर आले. आणि त्याच आठवड्यात ताई दारात उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

"रोख पैसे देणारं गिऱ्हाईक आलंय. मास्तर भला माणूस, पण त्यांनाही निघायचंय. शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणालेत."

"चारच गुण कमी आहेत, ताई."

"पुढच्या महिन्यात होतील."

"घर पुढच्या महिन्यात नसेल."

ताईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. "घाई करू नकोस. एवढंच सांगते."

बुधवारी दुपारी फोन आला. कुठल्याशा बँकेतली मुलगी, आवाज साखरेत घोळलेला. "मॅडम, तुमचं कर्ज मंजूर होऊ शकतं. तुम्ही फक्त हो म्हणा, मी लगेच तपासते."

फक्त हो. मंजूर झालं तर शुक्रवारच्या आत पॅसेज आपला. नाही झालं, तर बारावी बँक, घसरलेले गुण आणि या जिन्याच्या तोंडाशी आणखी किती महिने, कुणास ठाऊक. तेवढ्यात चिमणीने चेंडू फळीवरून भिरकावला. टप्, टप्, टप्. ती नकळत मोजत राहिली. चौदा.

"हॅलो मॅडम? हो ना?"

"नको," ती म्हणाली. "तपासू नका."

फोन ठेवल्यावर ती फळीला टेकून बसली आणि मनसोक्त रडली. चिमणीने तिच्या गालावर ओला हात फिरवला आणि खाली बोट दाखवलं, "बॉल."

शुक्रवारी मास्तरांचं घर गेलं. भाजीला ती सरळ रस्त्याने जाऊ लागली. खडूच्या रेघा तिने पुसल्या नाहीत. चिमणीच्या पायांनीच त्या हळूहळू गेल्या.

दोन महिन्यांनी गुण सातशे चारवर पोचले. बँक एकच, तीही ताईंनी निवडलेली. तिने हो म्हटलं. मग ताईंनी तिला एका जुन्या इमारतीत नेलं. तळमजला, स्वयंपाकघर अंधारं, खिडकीसमोर भिंत. पण दार उघडल्यावर ताई बाजूला सरल्या आणि यावेळी "पुढे चल" म्हणाल्या नाहीत.

ती पावलं मोजत आत गेली. तीन. चौथं थेट खोलीत पडलं. मास्तरांच्या घरी ते पॅसेजमध्येच पडलं होतं.

"एक कमी आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," ताई म्हणाल्या.

तिने चिमणीला खाली ठेवलं. चिमणी भिंतीला हात लावत निघाली, वाटेत एकदा बसली, उठली, आतल्या दारापर्यंत पोचली आणि वळून हसली. नऊ पावलं झाली तिची.

ती दाराकडे पाठ करून लेकीकडे बघत राहिली. बरंच बघून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, मागे बाहेरचं दार उघडंच होतं.