एक बोट उंच

दादाची अट एकच होती. त्याला कुणी उचलायचं नाही.

पाय गेल्यापासून तो घराच्या मागच्या खोलीत होता. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर तो आपला आपण जायचा. मध्ये गुळगुळीत फळी टाकायची, हात रोवायचे आणि सरकायचं. हात अजून त्याच्या ताब्यात होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की दुखणं खालून वर चढत जाणार, कधी आणि किती ते सांगता येत नाही. दादाने ते ऐकून घेतलं आणि धाकट्या भावाला सांगितलं, "मला रोज गॅरेजमध्ये येऊन बसायचंय. आपल्या गाडीतून."

गाडी म्हणजे गोल नाकाची जुनी पिकअप. दोघांच्या गॅरेजचं सामान तिने जन्मभर वाहिलं. चालवायला धाकटा, शेजारी दादा, कारण सकाळी सकाळी शिव्या द्यायला त्याला हक्काचं माणूस लागायचं. आडव्या अंगाचा दादा आत बसला की गाडी त्याच्या बाजूला कलायची. त्यावरून गॅरेजात त्याचं नाव पडलं ओव्हरलोड.

आता अडचण उंचीची होती. खुर्ची खाली, गाडीची सीट वर, आणि चढावर लावलेल्या फळीवरून कुणी सरकत नाही.

"दादा, मी उचलतो की. तेवढ्यासाठी कशाला एवढं?"

"पोती उचलतात. मी येत नाही."

वहिनीने खुर्ची वर नेण्यासाठी ओटा बांधायचं सुचवलं. घरासमोर बांधता आला असता. पण गॅरेजचं दार थेट रस्त्यावर उघडायचं, आणि रस्त्यात ओटा कोण बांधू देणार? उरला एकच मार्ग. माणूस वर जात नाही, तर गाडी खाली आणायची.

धाकट्याने पिकअप मागच्या खोलीच्या खिडकीखाली आणून लावली. दादा आतून बघायचा आणि हुकूम सोडायचा. तयार सामान घेणं परवडणारं नव्हतं. पुढच्या दोन्ही स्प्रिंगा कापून आखूड करायच्या आणि मागे एक्सल आणि त्याच्याखालचे स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालायचे, असं ठरलं. ठोकळे गॅरेजातल्या भंगारातूनच निघाले.

"स्प्रिंग गॅसने कापू नकोस. तापली की तिचा जीव जातो. ग्राइंडर घे, आणि मध्ये मध्ये थांब."

"माहितीये रे."

"माहितीये म्हणणाऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करूनच आपण पोट भरलं."

मग टायरांनी डोकं वर काढलं. जुने चिरले होते आणि त्या मापाचे आता कुठे मिळत नव्हते. भंगारवाल्याकडे एका ठोकरलेल्या गाडीची चार चाकं टायरांसकट होती. बोल्टांची भोकं जुळत होती, चाकं मात्र मोठी होती. धाकट्याने त्याचं मोडकं फाटक वेल्डिंग करून दिलं आणि चाकं घरी आणली. लावली तर गाडी पुन्हा दोन बोटं वर.

वहिनी दारात उभी राहून बघत होती. "एका हाताने उतरवा आणि दुसऱ्या हाताने चढवा. छान चाललंय तुमचं."

"म्हातारीला उंच टाचेच्या चपला घातल्यात त्याने," खिडकीतून दादा म्हणाला. "धाकट्या, अजून काप."

धाकट्याने पुन्हा गाडी जॅकवर घेतली, पुन्हा स्प्रिंगा काढल्या. मागचे ठोकळे जाड केले, त्यांना पुरतील असे लांब यू-बोल्ट वाकवून घेतले. मोठी चाकं मडगार्डच्या काठाला घासू लागली तेव्हा काठ हातोडीने ठोकून आत मुडपला. पिकअप जमिनीला अशी टेकली की शेजारचा रंगारी सायकलवरून उतरून बघत राहिला.

"उतारवयात मिरवायला काढली का?"

"हो," खिडकीतून उत्तर आलं. "तुलाही खाली बसवायचंय का?"

त्या दिवशी सगळे हसले. दादा सगळ्यांत मोठ्याने.

सीट खुर्चीच्या बरोबरीला आणायला अजून एक बोट उरलं होतं. धाकट्याने ग्राइंडर उचलला, तसं दादाने थांबवलं.

"राहू दे एक बोट उंच. कापलेली स्प्रिंग वापरात दबून बसते. आज बरोबर केलीस तर पुढे सीट खुर्चीच्या खाली जाईल. आत जाईन, पण परत यायला मला चढ लागेल. मग उचलशील."

"बसेपर्यंत थांबायचं?"

"गाडी थांबवू नकोस. वजन टाक आणि खडबडीत रस्त्याने फिरव."

बोलणं खरं होतं. धाकट्याने स्वतः कितीतरी गिऱ्हाइकांना तेच सांगितलं होतं. तो वाळूची पोती भरून पिकअप फिरवू लागला. संध्याकाळी पोती उतरवायची, फळी लावायची, किती उतार उरला ते बघायला तिच्यावर पाणसळ ठेवायची. तिच्यातला बुडबुडा रोज थोडा मध्याकडे सरके. धाकटा खिडकीतून सांगायचा, दादा मान डोलवायचा.

पाणसळ धरताना धाकट्याचं लक्ष बुडबुड्यावर असे. दादा चहाचा कप दोन हातांनी धरू लागला आहे, हे आधी वहिनीला दिसलं. मग कप अर्धाच भरला जाऊ लागला. पलंगावरून खुर्चीत यायला तो वेळ घेऊ लागला, आणि त्या वेळी वहिनीला खोलीबाहेर पाठवू लागला.

"भाऊजी, तुमची स्प्रिंग बसणार कधी?"

"आलीच आहे. थोडे दिवस."

"थोडे दिवस माझ्याकडे मागू नका. माझ्याकडे असते तर दिले नसते का?"

धाकट्याने त्याच संध्याकाळी दादाला विचारलं. "गाडी आहे तशी राहू दे. जाऊ या ना उद्या. एवढ्याशा चढाने काय होतंय?"

दादा छताकडे बघत होता. "काम अर्धवट टाकून गाडी बाहेर काढली आहे का आपण कधी?"

धाकटा उठला. आणखी दोन पोती चढवून तो खडीच्या रस्त्याला गेला.

बुडबुडा मधोमध आला त्या सकाळी वहिनीने दादाला धुतलेला शर्ट घातला. बटणं तिनेच लावली. धाकट्याने खुर्ची गाडीच्या उघड्या दाराला लावली, चाकांचे ब्रेक लावले, फळी टाकली. फळी पाण्यासारखी सपाट होती. दादाने पाणसळ मागून घेतली, स्वतः ठेवून बघितली आणि परत दिली.

मग त्याने हात रोवले. कोपरं थरथरली. अंग हललं नाही. त्याने श्वास घेतला, बोटं फळीच्या काठाला नीट गुंडाळली आणि पुन्हा जोर केला. मानेची शीर फुगली. शर्टाचं वरचं बटण सुटलं. तो होता तिथेच होता.

वहिनी आत निघून गेली.

"फळी सरळ आहे ना?" दादाने विचारलं.

"सरळ आहे."

"काम चांगलं झालंय." त्याने फळीच्या काठावरची बोटं सोडवली. "उचल."

धाकट्याने पाय फाकून रोवले, कंबर ताठ केली, ओव्हरलोडला उचलायला लागेल तेवढा दम छातीत भरला. दादा हातात इतका अचानक वर आला की त्याचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटता आपटता राहिलं. धाकट्याने त्याला सीटवर ठेवलं, पट्टा लावला, त्याचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

मग जन्माच्या सवयीने त्याची नजर खाली चाकावर गेली. दादा बसला की त्या बाजूचं मडगार्ड खाली यायचं. आज टायर आणि मडगार्ड यांच्यामधली फट होती तेवढीच होती.

"बसली का गाडी?" दादाने विचारलं. नेहमी विचारायचा, तसंच.

"बसली."

"किती?"

"एक बोट," धाकटा म्हणाला.

चुकीचं माप दिलं की दादा चारचौघांत कान उपटायचा. आता तो समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिला. धाकट्याने फळी आणि खुर्ची उचलून मागच्या रिकाम्या हौद्यात टाकली, फिरून येऊन स्टिअरिंगवर बसला आणि गाडी सुरू केली.