जुने वायसर

मिस्त्रीचं तोंड म्हणजे सायलेन्सर काढलेली फटफटी. पण जावई आला की ती गपगार. मुलगी जाऊन दोन वर्षं झाली होती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि पोर हातची गेली. तरी जावई येत राहिला. मोटरसायकल गॅरेजच्या दारात लावायचा आणि म्हणायचा, "बाबा, ब्रेक नरम लागतोय." ब्रेकच्या तेलाची रबरी नळी जुनी झाली की फुगते, मग ब्रेक नरम लागणारच, त्यात नवल ते काय? मिस्त्री नळीतली हवा काढून द्यायचा, चहा मागवायचा आणि दोघं तिचं नाव न काढता तिच्याबद्दलच बोलत बसायचे. मिस्त्रीला दुसरं होतं तरी कोण? बायको तर पोरीच्याही आधी गेलेली.

आज जावयाने पिशवीतून नवी नळी काढली. स्टीलच्या जाळीची, चकचकीत.

"ही टाका बाबा. फुगत नाही म्हणे. पुन्हा बघायला नको."

"हे शहाणपण कुणी शिकवलं?"

जावई हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. "लग्न ठरलंय माझं. तिनेच मागवली. मागे बसायची भीती वाटते म्हणाली."

मिस्त्रीने नळी हातात घेतली. "बरं झालं हो जावईबापू," तो म्हणाला. "एकट्याने किती दिवस काढायचे?" आणि हे तो मनापासून म्हणाला, हीच तर पंचाईत! माणूस वाईट असता तर चार शिव्या हासडून मोकळा झाला असता.

तो कामाला लागला. नळीच्या प्रत्येक सांध्याला तेल पाझरू नये म्हणून तांब्याचे वायसर असतात. एकदा आवळले की दबतात, म्हणून दर वेळी नवे घालायचे. जुना वायसर लावणाऱ्याला मिस्त्री गॅरेजच्या पायरीवरही उभा करत नसे. आज नव्यांची पुडी समोर उघडी होती आणि त्याने जुनेच उचलले. लगेच काही व्हायचं नाही. आठ-पंधरा दिवसांत सांधा पाझरू लागेल, ब्रेक नरम लागेल आणि जावई येईल. जाईल कुठे?

हवा काढायला दोघं लागतात. जावई लिव्हर दाबून धरायचा, मिस्त्री खाली बसून स्क्रू ढिला करायचा, आवळायचा. हळूहळू लिव्हर दगडासारखा घट्ट झाला.

"वा बाबा! याला म्हणतात ब्रेक."

जावयाने गाडीवर टांग टाकली. काहीतरी बोलायचं म्हणून मिस्त्रीने विचारलं, "तिचे वडील आहेत?"

"आहेत ना. गाडीवर बसूच देत नव्हते तिला. ब्रेक तुम्ही करताय म्हटल्यावर हो म्हणाले."

मिस्त्रीला तोंडात मारल्यासारखं झालं.

"उतरा," तो म्हणाला.

"का? काय राहिलं?"

"अहो, उतरा म्हणतो ना! डोकं ठिकाणावर नव्हतं माझं."

त्याने सगळं पुन्हा खोललं. नवे वायसर घातले, पुन्हा तेल भरलं, पुन्हा हवा काढली. सांध्याखाली कागद धरून कितीतरी वेळ बसला. कागद कोरडाच राहिला. जावयाला कळलं की नाही, देव जाणे.

"आता दाखवायला कधी आणू?" निघताना त्याने विचारलं.

लवकर आणा, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"आणायची गरज नाही," मिस्त्री म्हणाला. "हा ब्रेक आता काही कुरकुर करायचा नाही."

जावई जरा घुटमळला. मग "बरं बाबा, येतो" म्हणून निघाला. कोपऱ्यावर मागचा लाल दिवा लागला आणि गाडी जागच्या जागी थांबली. वळून बघतोय, असं वाटून मिस्त्रीने हात वर केला. पण एक बाई रस्ता ओलांडत होती, तिच्यासाठी थांबला होता तो. बाई पलीकडे गेली आणि गाडीही गेली. मिस्त्री तिथेच फरशीवर बसला आणि लेक गेली त्या दिवशी रडला नव्हता तेवढा रडला.