ग्वारीघाटच्या भोंग्यामागचा मी

मित्रांनो, नदीच्या या घाटावर आलेला प्रत्येक जण मान वर करून भोंगा बघतो. त्याच्या खालच्या खोलीत, पत्र्याच्या कपाटात मी बसतो, पण माझ्याकडे कोण बघतो! मी अकरा वर्षांचा जुना सर्व्हर आहे. आमच्या जातीत हे वय म्हणजे काठी टेकायचं.

माझी पहिली सात वर्षं सदर बाजारातल्या एका कोचिंग क्लासमध्ये गेली. पोरांच्या हजेऱ्या ठेवल्या, पेपर सांभाळले. मग नवं मशीन आलं आणि मला जिन्याखाली ढकललं. तिथे मी वर्षभर धूळ खात पडलो होतो. फार वाईट वाटायचं. तिथून मला मुरलीधरकाकांनी उचललं. तोफांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं लेथवर काढून ते निवृत्त झाले होते आणि घाटावरच्या सेवा मंडळाचं काम बघत होते. त्यांची मुलगी प्रणोती शहरात चेरीतालच्या घरी बसून कंपनीचं संगणकाचं काम करते. तिने मला पुन्हा उभं केलं.

माझ्या पोटात काही कामं पडद्याआड अखंड चालतात. त्यांना सेवा म्हणतात. एक सेवा नदीतल्या मापकाकडून दर मिनिटाला पाण्याची उंची घेते. दुसरी तो आकडा बाहेरच्या पाटीवर दाखवते. तिसरी, पाणी धोक्याच्या खुणेला लागलं की भोंगा वाजवते. तीन पावसाळ्यांत मी नऊ वेळा भोंगा वाजवला आणि नऊही वेळा घाट वेळेवर रिकामा झाला. दिवाकर नावाडी नावेतल्या लोकांना सांगायचा, "ये डिब्बा झूठ नहीं बोलता." त्याची बायको राधाबाई अगदी खालच्या पायरीवर फुलं आणि पानातले दिवे विकायची. तीही हसून मान डोलवायची. माझी छाती कशी फुगायची म्हणून सांगू!

पण माझी एक खोड आहे. विचारल्याशिवाय मी आपलं दुखणं सांगत नाही. प्रणोतीने बजावलं होतं, "बाबा, रोज सकाळी काळ्या स्क्रीनवर ही एक ओळ टाइप करत जा. कोणती सेवा बंद पडली ते कळते." काका रोज एका बोटाने ती ओळ टाइप करायचे. मीही रोज सांगायचो, एकही नाही.

सतरा सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी यंत्राला विश्रांती, ही काकांची कारखान्यातली शिस्त. त्यांनी मला बंद केलं, सगळ्या वायरी काढल्या, मऊ फडक्याने पुसलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. संध्याकाळी वायरी परत लावल्या. मापकाची वायर मात्र शेजारच्या खाचेत गेली. बोटभर अंतर, बस.

मी जागा झालो. पहिली सेवा जुन्या खाचेत मापक शोधायला गेली. तिथे कोणीच नव्हतं. ती पाच वेळा गेली, पाचही वेळा पडली, आणि मग नियमाप्रमाणे पडूनच राहिली. पाटीवर मला बंद करण्याआधीचा आकडा, धोका नसल्याच्या हिरव्या रंगात, दिसत राहिला. भोंग्याची सेवा त्याच आकड्याच्या भरवशावर निवांत बसली. मी माझ्या लॉगमध्ये, म्हणजे रोजनिशीत लिहिलं: मापक नेहमीच्या खाचेत सापडत नाही, सेवा बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाकर दारात उभा राहिला. "काकाजी, आज डिब्बे से पूछे नहीं?"

"कालच तर पूजा झाली रे! आता काहून विचारायचं? एकदम नवी झाली मशीन."

पूजा झालेल्या यंत्रावर लगेच शंका घेणं काकांच्या मनाला पटत नव्हतं. तिसरा दिवसही तसाच गेला. तिकडे वरच्या भागात पाऊस कोसळत होता. पाणी एकेक पायरी गिळत वर येत होतं आणि पाटीवरचा आकडा तसूभर हलत नव्हता. मला फक्त एवढंच कळत होतं की मला काहीच कळत नाहीये. माझा जीव टांगणीला लागला होता.

चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजता दिवाकर नावेतून ओरडला, "ऊपर आ जा, पानी बढ़ रहा है!"

"भोंपू कहाँ बजा अभी?" राधाबाई म्हणाली. "दो टोकरी उठा लूँ, आती हूँ."

तेवढ्यात काका पाटीपाशी थबकले. त्यांनी नदीकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं आणि फोन लावला. "प्रणोती, आकडा हलूनच नाही राहिला!"

ती घरूनच इंटरनेटवरून माझ्यात शिरली. "बाबा, रुको, मी रीस्टार्ट करून राहिली." सेवा उठली आणि पडली. तिने पुन्हा उठवली. पुन्हा पडली. अगं पोरी, कारण विचार ना! चार मिनिटं अशीच गेली. मग तिने लॉग उघडला आणि वाचला. "बाबा, वायर दुसऱ्या खाचेत आहे! मी इथूनच भोंगा चालू करते."

भोंगा वाजला. सगळा घाट वर पळाला. राधाबाईही वळली होती, एक टोपली डोक्यावर, एक कमरेवर. तेवढ्यात लोंढ्यातून आलेला एक ओंडका तिच्या पायांवर आदळला आणि ती पाण्यात ओढली गेली. दिवाकरने नावेतून उडी घेतली. त्याच्या हाती टोपली लागली. तीन दिवस पाणबुडे शोधत होते. राधाबाई सापडली नाही.

नंतर एके दुपारी दिवाकर खोलीत आला. प्रणोती माझ्यासमोर बसली होती, काका मागे उभे होते.

"दीदी, इसको कब से मालूम था?"

तिने लॉग वर सरकवला. काकांनीच वाचलं, "पूजा की शाम से."

"और किसी को बताया नहीं?"

"मैंने पूछा नहीं, दिवाकर," काका म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, दवाखान्यात, पाण्याच्या टाकीपाशी माझ्यासारखे कितीतरी डबे मुकाट्याने बसले आहेत. त्यांना पुसा, ओवाळा, ते आम्हालाही आवडतं. पण हिरवा आकडा दिसला म्हणून पुढे जाऊ नका. तुम्ही हे वाचत असताना त्यांच्यापैकी एखाद्याच्या आत काहीतरी पडलेलं असेल, आणि त्याने ते लिहूनही ठेवलं असेल. हात जोडतो, त्याला आजच विचारा.