सामाईक भिंतीवरचा पाइप

मित्रांनो, पाण्याच्या एका जुन्या लोखंडी पाइपाचे बोल आज तुम्हाला ऐकायचे आहेत. ते गोड नाहीत. भंडाऱ्यात एका गोदामामागे गवतात माझे कापलेले तुकडे पडले आहेत. माझ्या पोटात गंज आहे आणि मनात राग आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तापलेली पट्टी वळवून माझी नळी केली आणि मला वितळलेल्या जस्तात बुडवून काढले. मी चांदीसारखा चमकू लागलो. ट्रकमधून भंडाऱ्याला आलो तेव्हा गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आपला जिल्हा अर्धा राहिला, असे माणसे चौकाचौकात बोलत होती. मला त्याचे काही नव्हते. मला फक्त वैनगंगेचे पाणी वाहून न्यायचे होते.

जागेश्वर नावाच्या प्लंबरने मला एका अरुंद गल्लीत बसवले. तिथे दोन घरे शेजारी शेजारी होती आणि दोघांच्या मागच्या अंगणात एकच बुटकी भिंत होती. एका घरात बाबूलाल आणि त्याची बायको सीताबाई राहत. पुढच्या खोलीत त्यांचे किराणा दुकान होते. दुसऱ्या घरात आनंदराव राहत. ते मोहाडीच्या तहसील कार्यालयात कारकून होते. त्यांची बायको पंचफुला तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती.

रस्त्याखालच्या मोठ्या लोखंडी लाइनीतून मी वर येत होतो आणि त्या भिंतीवर लाकडी गुट्ट्यांच्या आधाराने चालत होतो. भिंतीच्या मध्यावर माझा जोड होता. तिथून एक फाटा बाबूलालकडे आणि दुसरा पंचफुलाकडे जात होता. जागेश्वरने जोडाच्या पेचाच्या आट्यांना सुतळी गुंडाळली, वर रंग फासला आणि सांगितले की काही वर्षांनी ही सुतळी बदलावी लागेल. दोन्ही घरांनी माना हलवल्या.

पहिल्यांदा पाणी आले त्या दिवशी सीताबाईने मला हळदकुंकू लावले. पंचफुलाने आपला पितळी गुंड भरला आणि माझ्या अंगावरून हात फिरवला. तोवर दोघी बोअरिंगच्या हातपंपाचा दांडा हाणून हाणून थकत असत. माझे खूप कौतुक झाले.

कौतुक टिकले नाही. सुतळी कुजली आणि जोड गळू लागला. थेंब बाबूलालच्या अंगणात पडत. तिथे भिंत ओली झाली, शेवाळ चढले आणि खाली डबके साचले. बाबूलाल म्हणे, पाणी तुमच्याकडे जाते तेव्हा गळते, दुरुस्ती तुम्ही करा. आनंदराव म्हणत, डबके तुमच्या अंगणात आहे, गरज तुमची. पंचफुला म्हणायची की जोड दोघांचा आहे, दोघांनी मिळून माणूस बोलवावा. तिचे कोणी ऐकले नाही. रोज सकाळी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी भांडण सुरू होई आणि मी मध्ये गळत राही.

एकदा सीताबाईने मर्यादा सोडली. या लोकांना आमच्या विहिरीवर पाय ठेवायची सोय नव्हती आणि आता नळावरून भांडतात, असे ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. पंचफुलाने हातातली बादली खाली ठेवली.

"विहीर तुमची होती, सीताबाई," ती म्हणाली. "पानी तुमचं नव्हतं."

त्या दिवसापासून दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. भिंतीवर फक्त मी उरलो.

पुढे बाबूलालने दुकानात थंड पेयांसाठी फ्रिज आणला. फ्रिजच्या अर्थिंगसाठी जमिनीत खड्डा खणायला हवा होता. यंत्रात बिघाड झाला तर वीज त्या वाटेने जमिनीत जाते आणि माणूस वाचतो. बाबूलालला खड्ड्याची कटकट नको होती. त्याने अर्थिंगची तार आणून माझ्याच अंगाला करकचून बांधली. मी तेही सोसले. माझे दुसरे टोक रस्त्याखालच्या लोखंडी लाइनीला जोडलेले होते, त्यामुळे चुकून आलेली वीज मी जमिनीला देऊन टाकू शकत होतो.

मग एका वर्षी रस्ता खणला गेला. लोखंडी लाइन काढून तिथे प्लास्टिकची टाकली, मातीतला माझा भाग कापला आणि मला भिंतीपाशी तिच्याशी जोडून दिले. प्लास्टिकमधून पाणी जाते, वीज जात नाही. माझा जमिनीशी संबंध तुटला. माझ्या अंगाला तार मात्र तशीच राहिली. गल्लीतल्या एकाही शहाण्याने तिच्याकडे मान वर करून पाहिले नाही.

फ्रिज जुना झाला. त्याच्या आतल्या एका तारेचे आवरण फाटले आणि अर्थिंगच्या तारेतून वीज माझ्यात उतरू लागली.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी पंचफुलाने तोटी धरली आणि तिचा हात कोपरापर्यंत झिणझिणला. तिने आनंदरावांना सांगितले. त्यांची मोहाडीची बस निघायची होती. ओल्या हाताने तसे वाटते, असे सांगून ते निघून गेले. मग ती इतक्या वर्षांनंतर प्रथमच बाबूलालच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबूलालभाऊ, नळाले करंट येऊन राहिला. एकदा पाहून घ्या."

गिऱ्हाइकांसमोर बाबूलाल हसला. जोडाच्या दुरुस्तीसाठी बाईने नवीन बहाणा शोधला, असे तो म्हणाला. दुकानातली फरशी कोरडी होती, फ्रिजची मूठ प्लास्टिकची होती आणि सीताबाईच्या स्वयंपाकघरात नवा प्लास्टिकचा नळ बसला होता. त्यामुळे त्या घरात कोणाला काही जाणवत नव्हते. आपल्याला जाणवत नाही ते खोटेच असणार, अशी त्यांची खात्री होती.

पंचफुला परत आली. तिने तोटीला लाल चिंधी बांधली आणि मुलीला, प्रतिक्षाला, नळाला हात लावायची बंदी केली. ती पुन्हा गल्लीच्या टोकाच्या बोअरिंगवरून पाणी आणू लागली. डोक्यावर गुंड घेऊन ती येई तेव्हा लोक हसत. मित्रांनो, मला आवाज असता तर मी त्या हसणाऱ्यांना काय म्हटले असते ते तुमच्यासमोर सांगण्यासारखे नाही.

थोड्या दिवसांनी जोड जास्तच गळू लागला. शेवटी सीताबाई स्वतःच एक फडके घेऊन तो बांधायला आली. ती अनवाणी होती. ती डबक्यात उभी राहिली आणि तिने मला मुठीत धरले.

तिची बोटे आवळली ती सुटेनात. तोंड उघडले, पण आवाज निघाला नाही. माझ्यातून काय वाहत होते ते मला कळत होते आणि मी ते थांबवू शकत नव्हतो.

भिंतीपलीकडे पंचफुला कपडे वाळत घालत होती. तिने पाहिले. क्षणभर ती जागच्या जागी उभी राहिली. त्या क्षणी तिच्या मनात काय आले ते मला माहीत नाही. मग तिने दोरीला आधार दिलेला कोरडा बांबू उपसला, मला अंग न लावता भिंतीवरून वाकली आणि सीताबाईच्या हातावर मारला. हात सुटला नाही. तिने सगळ्या ताकदीने पुन्हा मारला. हाड मोडल्याचा आवाज आला आणि सीताबाई चिखलात पडली.

बाबूलाल धावत आला. त्याला पडलेली बायको दिसली आणि पंचफुलाच्या हातातला बांबू दिसला. त्याहून जास्त पाहायची त्याला गरज वाटली नाही.

दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत एकच गोष्ट पसरली, की पंचफुलाने जुने वैर काढले. दवाखान्यात सीताबाईच्या हाताला प्लास्टर घातले. काय झाले असे तिला विचारले तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवले. बाबूलाल पोलिसात जाण्याची भाषा करू लागला. संध्याकाळी आनंदराव बायकोला म्हणाले की हात जोडून माफी माग, आपल्याला इथेच राहायचे आहे.

"मी माफी मागली का नळ चांगला आहे असं होईल," पंचफुला म्हणाली. "मंग पुढचा हात कोनाचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूलालने गल्लीतली माणसे आपल्या मागच्या अंगणात गोळा केली. सगळ्यांसमोर आपण हा पाइप धरणार आणि या बाईचा खोटेपणा उघडा पाडणार, असे त्याने जाहीर केले. सीताबाई दाराशी खाटेवर बसली होती. पंचफुला भिंतीला वळसा घालून अंगणात आली आणि डबक्यासमोर उभी राहिली.

"पहिले लाइटीचं मेन बंद करा. मंग हात लावा."

बघा, घाबरली, असे बाबूलाल लोकांना म्हणाला. काही जण हसले. त्याने तिला बाजूला ढकलले, चपला काढून ठेवल्या आणि ओल्यात पाय टाकला. त्याचा हात माझ्याकडे येऊ लागला.

"अवो, हात नोका लावू," सीताबाई म्हणाली. तिचा आवाज फार मोठा नव्हता. "तिनं मले मारलं नाही. त्या पाइपानं धरलं होतं. तिनं सोडवलं."

बाबूलालचा हात हवेत थांबला. कोणी हसले नाही. एकेक जण पाय न वाजवता निघून गेला.

बाबूलालने मेन बंद केले आणि तार कापली. त्याने माफी मागितली नाही. सीताबाईने पंचफुलाकडे पाहिले, पंचफुलाने तिच्याकडे पाहिले, आणि मग पंचफुलाही आपल्या घरी गेली. त्यानंतर फ्रिजसाठी खड्डा खणला गेला, भिंतीवर नवा पाइप आला आणि मला करवतीने कापले. दोन्ही घरांत अजून बोलणे नाही, असे मला इथे आणून टाकणाऱ्यांकडून कळले. मी त्यांना दोष देत नाही. काही गोष्टी पाइप बदलल्याने बदलत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कोणी भिंतीवर गंजत असेल. त्याला पूजा नको. त्याचा गळका जोड वेळेवर दुरुस्त करा. त्याच्या अंगाला विजेची तार बांधू नका. नळाला झिणझिण्या येतात असे कोणी सांगितले तर हसण्याआधी मेन बंद करा. आणि जोड कोणाचा, यावर भांडत बसू नका. त्या ओल्या जागेत कोणी ना कोणी अनवाणी उभे राहणारच आहे. ते तुमच्या घरचे की शेजारचे, हे लोखंडाला कळत नाही.