पडद्याआडची नितळ नदी

घाटावर मुंगी शिरायला जागा नव्हती. पायऱ्यांवर माणसं, कठड्यावर माणसं, आणि पाण्याच्या कडेला बाबांच्या शिष्यांनी पहाटेपासून ताणून धरलेला जाड पडदा. नदीला नजर लागू नये म्हणून म्हणे. भर दुपारी बाबा पडद्याआड पाण्यात उतरले.

"रंगा रे रंगा, आलास तसा जा माघारी!"

पडदा सरकला. कित्येक महिने वांग्यासारखी जांभळी वाहणारी नदी तळाचे गोटे दाखवत होती. मागच्या खेपेलाही असंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जांभळी झाली, तेव्हा बाबांनी लोकांच्या पापांकडे बोट दाखवलं होतं.

सगळ्यांनी हात जोडले. आजींनीही जोडले, पण त्यांच्या मनात एक खडा टोचत होता.

आजींचा नेम होता. पहाटे घरामागच्या पायरीवरून नदीचा तांब्या भरायचा, देवावर घालायचा आणि मगच तोंडात काही टाकायचं. नदी जांभळी झाली तरी नेम सुटला नाही. देव्हाऱ्यातला पितळी देवच जांभळट झाला.

"आई, देवाला तरी विचारा, हा रंग आवडतो का," सून म्हणायची. ती शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. तिचं बोलणं आजी या कानाने ऐकत आणि त्या कानाने सोडून देत.

पण आज पहाटेच तांब्यात नितळ पाणी आलं होतं. त्या वेळी बाबा कुठे होते, हेही आजींना ठाऊक होतं. शेजारी, सरकारी विश्रामगृहाच्या आचाऱ्याच्या घरी ते उतरले होते, आणि त्यांचं घोरणं भिंत ओलांडून येत होतं.

"त्या मुलीला आणा," बाबांनी आजींच्या नातीला बोलावलं. नदीत खेळून तिच्या हातांना फोड आले होते. तिच्याच हातांकडे बघून वस्तीने केंद्र सरकारकडे तक्रार केली होती. "रोज इथे हात बुडवा. डॉक्टरचं मलम बंद करा. आणि ती तक्रार मागे घ्या, तक्रारीने नदी रुसते."

आजींनी नातीचे हात पदराखाली घेतले.

"बाबा, रागवू नका हं. पण पाणी पहाटेच निवळलं होतं. तेव्हा तुम्ही घोरत होता."

"माते, ती समाधी होती."

"मग आमचे हे जन्मभर समाधीतच होते म्हणायचे," आजी हळूच म्हणाल्या.

घाट खदखदून हसला. सून पुढे आली.

"आई, विश्रामगृहात कोण आलंय?"

"केंद्राचे साहेब. सकाळी पुलाखाली बाटल्या भरत होते."

"आणि मागच्या चमत्काराच्या दिवशी?"

आजी थबकल्या. "तेव्हाही तेच होते की गं."

"हाच तो मंत्र. नदी एक, राज्यं दोन. आपल्या राज्यात नदीत रंग सोडायला बंदी आली, तसा कारखाना पूल ओलांडून पलीकडच्या राज्यात गेला, कारण तिथला नियम ढिला. आपला तपासनीस पुलाच्या मध्यापर्यंतच जाऊ शकतो. दोघांवर केंद्र आहे, पण त्याच्या पथकाला दोन्ही राज्यांना आधी कळवूनच यावं लागतं. पलीकडे कळलं की कारखान्याला कळतं, आणि पथक असेपर्यंत रंगाचं पाणी बंद. बाटल्या स्वच्छ, आपली तक्रार खोटी."

"मग बाबांना कसं कळतं?" कुणीतरी विचारलं.

"विश्रामगृहात पाहुण्यांचा स्वयंपाक कोण करतं?"

शिष्यांबरोबर पडदा धरून उभ्या असलेल्या आचाऱ्याच्या हातून त्याचं टोक गळालं.

"श्रद्धेची परीक्षा घेता?" बाबा कडाडले.

"परीक्षा कसली, विनंती आहे," आजी म्हणाल्या. "साहेब संध्याकाळी जाताहेत. उद्या पुन्हा करा, पडद्याशिवाय."

"उद्या नदीचं मौन आहे."

"मग परवा?"

"परवा माझं."

दुसऱ्या पहाटे आजींनी जांभळा तांब्या घाटावर नेऊन ठेवला. ज्याने त्याने वाकून पाहिला. बाबा मौनासकट पसार झाले होते. तक्रार मागे गेली नाही, उलट तिच्यात एक मागणी वाढली: पथकाने न कळवता यावं, आणि कारखान्याच्या तोंडाशीच बाटली भरावी.

नदीला राज्याची हद्द कळत नाही, ती माणसांनी आखली. तेव्हा तिच्या आडून होणारी लबाडीही माणसांनीच पकडायला हवी. चमत्कार दिसला तर हात जरूर जोडा, पण आधी एवढं विचारा, आज गावात पाहुणे कोण आलेत?

नातीच्या हातांना मलम लावून आजींनी नळाचा तांब्या भरला.

"नेम मोडला की, आई," सून हसली.

"नेम पाण्याचा होता, रंगाचा नव्हे," आजी देव घासत म्हणाल्या. "आणि देव काही तक्रार करत नाही गं. ती आपणच करायची असते."